लेनवर तेल जास्त, बॉल कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सप्टेंबरात अमेरिका-कॅनडातल्या बोलिंग लीग सुरू झाल्या आणि या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हापुन्हा दिसली : लेनवर (बॉल टाकायच्या लांब पट्टीवर) घातलेले तेल फार आहे, बॉल वळतच नाही. त्यातली निवडक पत्रे इथे घेतली आहेत. उजवी-डावी बाजू जिथे आली आहे ती उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने. डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी.

प्रश्न : यंदा आमची लीग नव्या सेंटरमध्ये गेली. जुन्या ठिकाणी माझा पर्ल प्रकारचा, पॉलिश केलेला बॉल छान वळायचा. इथे तो सरळ घसरत जातो आणि पहिल्या पिनच्या उजवीकडून निघून जातो. प्रो शॉपमध्ये तीन बॉल दाखवले, तिन्ही 'जास्त तेलासाठी'. माझा बॉल १५ पौंडांचा, हातातून सुटतानाचा वेग ताशी १८ मैल, फिरकी मिनिटाला २५० फेरे. निवड कशी करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पाकीट काढण्याआधी तेल खरेच जास्त आहे का ते बघा. बॉल परत आला की पुसायच्या आत उचला. त्याच्यावर तेलाच्या कडा उमटलेल्या दिसतील. बोट फिरवल्यावर ओला, जाडसर पट्टा हाताला लागला आणि टॉवेलवर स्पष्ट डाग पडला, तर तेल भरपूर आहे. नुसती पुसट रेघ असेल तर अडचण तेलाच्या प्रमाणात नसून त्याच्या लांबीत किंवा तुमच्या वेगात आहे. नव्या जागी गेल्यावर पुष्कळजण नकळत जोर वाढवतात. पडद्यावर दिसणारा वेग बहुधा लेनच्या शेवटाकडचा असतो आणि हातातून सुटतानाचा वेग त्याहून दोन-तीन मैलांनी जास्त भरतो. तेव्हा १८ हा आकडा नेमका कुठला, ते एकदा सेंटरमध्ये विचारून घ्या.

फिरकीचा आकडाही अंदाजाने धरू नका. बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावा, फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण करा आणि टेपचा एक पूर्ण फेरा किती फ्रेममध्ये होतो ते मोजा. १४,४०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. ४८ फ्रेम लागल्या तर ३००, ५८ लागल्या तर साधारण २५०.

१८ मैल आणि २५० फेरे हे आकडे खरे धरले, तर तुमचा वेग फिरकीच्या मानाने जास्त आहे. याचा अर्थ हिशेबाने पाहू. १८ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २६ फूट. फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, आणि त्यातले पहिले ४२ फूट तेलाचे आहेत असे समजा. ते अंतर तुमचा बॉल दीड सेकंदाहून थोड्या जास्त वेळात कापतो आणि तेवढ्यात जेमतेम सहा-सात फेरे घेतो. उरलेल्या १८ फुटांच्या कोरड्या भागासाठी त्याच्याकडे पाऊण सेकंदही नसतो. पॉलिश केलेला पर्ल बॉल तेलात काहीच पकडत नाही. सगळे वळण त्या पाऊण सेकंदात घेण्याची त्याच्यावर वेळ येते आणि तो उशीर करतो. म्हणून तुम्हाला हवा तेलातच थोडी पकड घेऊ लागणारा बॉल.

ही पकड सर्वांत आधी येते ती बॉलच्या बाहेरच्या कवचातून, आणि त्यातही त्या कवचाच्या खरखरीतपणातून. कोअरचे, म्हणजे बॉलच्या आतल्या गाभ्याचे, चित्रविचित्र आकार जाहिरातीत मोठे छापलेले असतात. आमच्या मते खरेदी करणाऱ्याने ते चित्र शेवटी बघावे. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन या कवचाच्या पदार्थाची तीन रूपे मिळतात. सॉलिड कवच तेलात लवकर बसते आणि वळण सलग देते. पर्लमध्ये अभ्रकाची पूड असते, त्यामुळे तो लांबवर घसरतो आणि कोरड्यात एकदम वळतो. हायब्रिड दोन्हींच्या मधला. जास्त तेलासाठी सॉलिड घ्यावा, यात फारसा वाद नाही.

खरखरीतपणा ग्रिटमध्ये सांगतात : ५००, १०००, २०००, ३०००, ४०००. आकडा लहान तितका पृष्ठभाग खरखरीत. तेल जास्त आणि वेगही जास्त, अशा तुमच्या जोडीला १००० ते १५०० योग्य ठरेल. ५०० चा मोह टाळा. इतका खरखरीत बॉल पहिल्या वीस-तीस फुटांतच आपली फिरकी खर्च करतो, पिनांपर्यंत पोहोचताना त्याच्यात दम उरत नाही, आणि पॉकेटमध्ये (१ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमधल्या फटीत) बसूनही ५ किंवा १० क्रमांकाची पिन उभी राहते. वळण भरपूर दिसते पण पिना पडत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे हेच असते.

यानंतर कोअर. दोन आकडे विचारा : आरजी आणि डिफरन्शियल. आरजी म्हणजे बॉलचे वजन मध्याच्या किती जवळ आहे त्याचे माप. यूएसबीसी, म्हणजे युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमात ते २.४६० ते २.८०० इंचांच्या आत लागते. आरजी कमी असेल तर बॉल लवकर लोळायला लागतो, तुम्ही २.४७ ते २.५१ च्या दरम्यान शोधा. डिफरन्शियल जितके जास्त, तितका बॉलचा मार्ग, म्हणजे बॉलवरचा लेनला टेकणारा पट्टा, दर फेऱ्याला जास्त सरकतो आणि तेल न लागलेला नवा पट्टा लेनला टेकतो. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या कडा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात, त्या यामुळेच. तेल जास्त असताना हे फार मोलाचे, कारण तेलाने माखलेला पट्टाच पुन्हा टेकला तर पकड कुठून येणार? डिफरन्शियलची कमाल मर्यादा ०.०६० आहे, तुम्ही ०.०४८ च्या वरचे बघा.

उदाहरण म्हणून स्टॉर्मचा फेझ टू घ्या : सॉलिड कवच, आरजी २.४८, डिफरन्शियल ०.०५१, सममित कोअर. त्याच कंपनीचा हाय-रोड हायब्रिड आहे, आरजी २.५७ आणि डिफरन्शियल ०.०४६. मध्यम तेलावर हाय-रोड उत्तम चालतो, पण तुमच्या सेंटरमध्ये तो उशिरा जागा होईल. फेझ टूच घ्या असा याचा अर्थ नाही. तिन्ही बॉलच्या माहितीपत्रकावर हेच चार रकाने बोट ठेवून वाचा. असममित कोअरचे बॉल आणखी जोरदार वळतात, पण चूकही तितकीच मोठी करून दाखवतात. पहिला जास्त तेलाचा बॉल सममित असावा, असे आम्ही सुचवू.

आणि हे सगळे करण्याआधी एक स्वस्त प्रयोग. तुमच्या जुन्याच पर्ल बॉलचे पॉलिश काढून त्याला १००० च्या पॅडने घासा आणि एक संध्याकाळ खेळा. तो चार-पाच बोर्ड (लेनच्या उभ्या अरुंद पट्ट्या) जास्त वळला आणि पॉकेटपर्यंत आला, तर नव्या बॉलची घाई नाही. तरीही घसरतच राहिला, तर खर्च करा.

प्रश्न : बॉल घेतला. आता ड्रिल करणारे म्हणतात, 'तुमचा पीएपी द्या, मग लेआउट ठरवू.' हे काय असते? नुसती बोटांची मापे पुरत नाहीत का?
— एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

उत्तर : पीएपी विचारणारा ड्रिलर मिळाला, हे चांगले झाले. लेआउट म्हणजे कोअरच्या मानाने भोके कुठे पाडायची ती आखणी. हातातून सुटल्यावर बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचे तुमच्या हाताच्या बाजूचे टोक म्हणजे पीएपी. प्रत्येकाचा वेगळा असतो. जुना बॉल काही वेळा टाका, त्यावर उमटलेली तेलाची पहिली कडा ड्रिलरला दाखवा. तो त्या कडेवरून टोक काढून देतो. उत्तर 'पकडीच्या मध्यापासून उजवीकडे ५ इंच, वर अर्धा इंच' अशा भाषेत येते. ते लिहून ठेवा आणि पकड किंवा मनगट बदलले तर पुन्हा मोजून घ्या.

बॉलवर एक छोटा रंगीत ठिपका असतो. तो कोअरचे वरचे टोक दाखवतो आणि त्याला पिन म्हणतात. हा ठिपका पीएपीपासून किती दूर ठेवायचा यावर बॉलचा मार्ग किती सरकेल ते ठरते. सममित कोअरमध्ये सव्वातीन ते साडेतीन इंचांवर सर्वांत जास्त सरकतो. अगदी जवळ किंवा पावणेसात इंचांवर ठेवला तर जवळपास सरकतच नाही. जास्त तेलासाठी साडेतीन ते चार इंच सांगा. ठिपका बोटांच्या भोकांच्या खाली आला तर बॉल लवकर आणि सलग लोळतो, वर आला तर उशिरा आणि तीव्रपणे वळतो. तेल जास्त आणि लांब असेल तर खाली ठेवलेला बरा.

पण लेआउटकडून चमत्काराची अपेक्षा नको. चुकीच्या खरखरीतपणाचा बॉल बरोबर लेआउटने सुधारत नाही. उलटे मात्र बऱ्याच वेळा होते. बोटांची मापे मात्र इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत नीट हवीत. अंगठा अडकत असेल तर फिरकीच तयार होत नाही, आणि मग कवच-कोअर सगळे वाया.

प्रश्न : स्पर्धेच्या आधी पॅटर्नचा, म्हणजे लेनवर तेल कसे घातले आहे त्याचा, कागद मिळाला. त्यावर ४४ फूट, २८ मिलिलिटर आणि २.५:१ असे आकडे आहेत. यातून काय समजायचे?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : ४४ फूट ही तेलाची लांबी. तिच्यातून ३१ वजा करा : १३. म्हणजे तेल संपते तिथे तुमचा बॉल उजव्या गटरपासून तेराव्या बोर्डाच्या आसपास असावा. हा ठोकताळा आहे, पण पहिल्या सरावासाठी भरवशाचा. लेनला एकूण ३९ बोर्ड, त्यामुळे तेरावा बोर्ड बराच आत येतो. लांब पॅटर्नवर बॉल बाहेर फेकून परत आणायचा हट्ट धरू नका. त्याला परत यायला १६ फूटच मिळतात.

२८ मिलिलिटर हे पूर्ण लेनवर पसरलेल्या तेलाचे माप. रोजच्या खेळासाठी सेंटर साधारण २० ते २५ मिलिलिटर घालतात, तेव्हा २८ जास्तच.

खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. २.५:१ म्हणजे मधल्या बोर्डांवर कडेच्या बोर्डांच्या अडीचपटच तेल. तुमच्या रोजच्या लेनवर हे प्रमाण ८:१, १०:१ असे असते. तिथे बॉल बाहेर गेला तर कोरड्यात सापडून परत येतो आणि आत गेला तर तेलावर तरंगत पॉकेट धरतो. लेनच तुम्हाला सांभाळून घेते. सपाट पॅटर्नवर तसे होत नाही : बाहेर गेलेला बाहेरच राहतो. म्हणून इथे सर्वांत जास्त वळणाऱ्या बॉलपेक्षा सलग, अंदाज येईल असा वळणारा बॉल घ्या. सॉलिड, सममित, १५०० ते २००० ग्रिट. बॉल टाकण्याची रेषा सरळ ठेवा आणि स्पेअर (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणे) सोडू नका; अशा पॅटर्नवर सामने स्पेअरवर जिंकले जातात.

प्रश्न : मागच्या वर्षी जास्त तेलाचा महागडा सॉलिड बॉल घेतला. पहिले दोन महिने अप्रतिम चालला. आता तो प्लॅस्टिकच्या बॉलसारखा सरळ जातो. बॉल खराब निघाला का?
— एक वाचक, मिसिसॉगा, कॅनडा

उत्तर : खराब निघालेला नाही, गुळगुळीत झाला आहे आणि तेल प्यायला आहे. जुन्या घरांतला पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जाण्याऐवजी नुसती सरकते. मग त्याला टाकी लावून घेतात. बॉलचेही तेच. लेनवर सतत घासून १००० ग्रिटचा पृष्ठभाग काही गेममध्येच चकचकीत होतो, आणि जो भाग लेनला टेकतो तोच सर्वांत आधी. दिव्याखाली तिरपा धरून बघा, मार्गाचा पट्टा बाकीच्या बॉलपेक्षा चमकताना दिसेल. दुसरीकडे, रिअ‍ॅक्टिव्ह कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. पकड त्यांच्यामुळे येते आणि तेलही तीच शोषतात. छिद्रे भरली की पकड गेली. आजार दोन आहेत आणि उपायही दोन. एक करून दुसरा सोडला तर आठवडाभर बरे वाटेल, मग पुन्हा तेच.

आधी तेल काढा. तिन्ही भोके पाणी न शिरणाऱ्या टेपने घट्ट बंद करा. बादलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी घ्या, ५० अंश सेल्सिअसच्या आत, आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन मोठे चमचे घाला. बॉल पूर्ण बुडवून २० मिनिटे ठेवा. बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब आलेले दिसतील. ते लगेच कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर बॉल गार होताना पुन्हा शोषून घेईल. पाणी बदलून हेच पुन्हा करा. थेंब यायचे थांबले की पुरे. वर्षभराच्या बॉलला तीन वेळा तरी करावे लागते. टेप काढून बॉल एक दिवस सावलीत वाळू द्या.

उकळते पाणी, ओव्हन, मायक्रोवेव्ह, हीटर, कडक ऊन यांच्या वाटेला जाऊ नका. कवच आणि आतला भाग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि बॉलला चीर जाते. चिरलेला बॉल परत सांधून तसाच चालत नाही. याच कारणाने गाडीच्या डिकीत बॉल ठेवून देणेही वाईट : कॅनडातली थंडी असो की दुबईचा किंवा नागपूरचा उन्हाळा, दोन्ही त्याला मारतात.

मग पृष्ठभाग. ५०० चे पॅड पाण्याने भिजवा. प्रो शॉपच्या स्पिनरवर बॉल फिरत ठेवून पॅड हलक्या, सारख्या दाबाने वरून खाली आणि खालून वर फिरवा, ३० ते ४५ सेकंद. बॉल उलटा करा, पुन्हा तेवढेच. मग दोन्ही आडव्या बाजूंनी. अशा चार बाजू झाल्या की पुसून घ्या आणि याच क्रमाने १००० चे पॅड लावा. १००० वर थांबा किंवा शेवटी १५०० अगर २००० द्या. ५०० चा टप्पा गाळून थेट १००० लावले तर जुनी चमक खालीच राहते आणि बॉल आठवड्यात पुन्हा घसरू लागतो. स्पिनर नसेल तर बॉल टॉवेलच्या चुंबळीवर ठेवून हातानेही जमते. वेळ लागतो आणि सगळीकडे सारखा दाब राहत नाही, पण लीगपुरते चालते. झिजलेल्या पॅडने घासणे म्हणजे पॉलिश करणेच, तेव्हा तिथे काटकसर नको.

यापुढचे वेळापत्रक असे ठेवा. प्रत्येक वेळी टाकण्याआधी मायक्रोफायबर टॉवेलने पुसणे. खेळ संपल्यावर, बॉल अजून कोमट असतानाच, क्लीनर मारून पुसणे. घरी गेल्यावर करू म्हणालात तर तेल आत गेलेले असते. सहा ते नऊ गेमनंतर शेवटचे पॅड हलक्या हाताने फिरवणे. साधारण ६० गेमनंतर वर सांगितलेली पूर्ण प्रक्रिया. स्पर्धा चालू असताना मात्र पॅड लावता येत नाही, ते आधीच उरका. यूएसबीसीच्या नियमाप्रमाणे २०१९ पासून स्पर्धेत बॉल पुसायला टॉवेल कोरडाच लागतो.

प्रश्न : मी ११ पौंडांचा बॉल टाकते, वेग ताशी १२-१३ मैल. टीममधले सगळे म्हणतात, तेल वाढले आहे तर तूही सर्वांत जोरदार बॉल घे. घेऊ का?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : नका घेऊ, ताई. तुमच्या टीममधल्यांचा वेग तुमच्यापेक्षा पाच-सहा मैलांनी जास्त असेल, म्हणून त्यांना तो बॉल लागतो. तुमचा बॉल लेनवर जास्त वेळ राहतो, त्यामुळे त्याला पकड घ्यायला आपोआप वेळ मिळतो. सर्वांत जोरदार बॉल तुमच्या वेगाला मध्येच थकेल आणि पिनांवर आपटून बाजूला फेकला जाईल. वजन कमी असल्याने हे जास्तच जाणवते. मध्यम ताकदीचा सॉलिड किंवा हायब्रिड घ्या, पृष्ठभाग २००० चा ठेवा.

आणखी एक बाब दुकानदार सांगतीलच असे नाही. माहितीपत्रकातले आरजी आणि डिफरन्शियलचे आकडे बहुधा १५ पौंडांच्या बॉलचे असतात. १२ पौंडांच्या खाली बऱ्याच बॉलमध्ये त्याच नावाखाली वेगळा, साधा कोअर असतो. तुमच्या वजनाचे आकडे मागा. ते मध्यम बॉलसारखेच निघाले, तर वरचे पैसे नुसत्या नावाचे आहेत.

प्रश्न : युरेथेन बॉल खूप नियंत्रणात राहतो असे ऐकले. जास्त तेलावर चालेल का?
— एक वाचक, सिअ‍ॅटल

उत्तर : नाही. युरेथेन तेल जवळजवळ शोषत नाही, ते पुढे ढकलत नेतो. लहान पॅटर्नवर, ३५-३६ फुटांच्या आसपास, जिथे कोरडा भाग मोठा असतो, तिथे तो राजा. लांब आणि भरपूर तेलावर त्याला पकड उशिरा मिळते, आणि पुढे ढकललेल्या तेलामुळे तुमच्याच टीमची पुढची लाइन बिघडते.

प्रश्न : पुण्यात मॉलमधल्या बोलिंगमध्ये नियमित खेळतो. स्वतःचा बॉल अमेरिकेतून भावाकडून मागवणार आहे. 'हेवी ऑइल' लिहिलेला सर्वांत चांगला, असे भाऊ म्हणतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : 'हेवी ऑइल' ही बॉलची प्रतवारी नाही, ते त्याच्या कामाचे वर्णन आहे. करमणुकीसाठी चालणाऱ्या लेनवर तेल बहुतेक वेळा कमी आणि उतरलेले असते. तिथे १००० ग्रिटचा सॉलिड बॉल निम्म्या लेनवरच डावीकडे वळेल. आधी मॅनेजरना विचारा : तेल रोज घालता का, किती वाजता, किती फुटांपर्यंत? उत्तर गुळमुळीत आले तर मध्यम ताकदीचा पर्ल किंवा हायब्रिड मागवा, आणि स्पेअरसाठी साधा प्लॅस्टिकचा.

भोके तिकडे पाडून आणू नका. तुमचा हात समोर असल्याशिवाय मापे बरोबर येत नाहीत. इथे ड्रिल करणारा कोण, हे आधी शोधा आणि मगच बॉल मागवा. १५ पौंडांचा बॉल ६.८ किलो भरतो, म्हणजे केबिनच्या ७ किलोंत पिशवीसकट बसत नाही. चेक-इनच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध, खोक्यासकट आणायला सांगा.

प्रश्न : मोटिव्ह कंपनीचा २०१६ चा जॅकल बॉल स्वस्तात मिळतो आहे. तेलावर जबरदस्त वळतो म्हणतात. त्याला अंगठ्या-बोटांखेरीज एक चौथे भोकही आहे. लीगमध्ये चालेल?
— एक वाचक, दुबई

उत्तर : यूएसबीसीचे नियम पाळणाऱ्या लीगमध्ये चालणार नाही. जॅकल आणि जॅकल कार्नेज या दोन बॉलची मान्यता २०१६ मध्ये काढून घेतली गेली, कारण त्यांचे डिफरन्शियल ०.०६० च्या मर्यादेबाहेर गेलेले आढळले. त्यानंतर जॅकल नावाचे इतर बॉल आले, ते वेगळे. म्हणून बॉलवर कोरलेले पूर्ण नाव वाचा आणि यूएसबीसीच्या मान्य बॉलच्या यादीत तेच नाव आहे का ते बघा.

चौथ्या भोकाचे म्हणाल, तर वजन जुळवण्यासाठी पाडलेली अशी भोके १ ऑगस्ट २०२० पासून बाद आहेत. प्रत्येक भोक पकडीसाठीच वापरले जात असले पाहिजे. मान्य यादीतला दुसरा जुना बॉल मिळाला आणि त्याला असे भोक असेल, तर ते बुजवून घेता येते. पण बुजवणे, नवी भोके आणि पृष्ठभाग या तिन्हींचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

प्रश्न : पहिल्या गेमला जास्त तेलाचा बॉल सुरेख चालतो. तिसऱ्या गेमला तोच लवकर वळून पहिल्या पिनच्या डावीकडे जातो. बॉल बदलावा की जागा?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : आधी जागा. तिसऱ्या गेमपर्यंत तुमच्या रेषेवरचे तेल उडालेले असते आणि त्यातले बरेचसे तुमच्या टीमच्या खरखरीत बॉलनीच प्यायलेले असते. लेनच्या पहिल्या भागात, नेमासाठी काढलेल्या बाणांच्या आसपास, कोरडा पट्टा तयार होतो आणि बॉल तिथेच पकडतो. पाय दोन बोर्ड डावीकडे सरका, नजर एक बोर्ड डावीकडे. एकाच चुकलेल्या बॉलवर सरकू नका. चांगला सुटलेला बॉल दोनदा डावीकडे गेला, तर लगेच सरका. तिसऱ्याची वाट बघणाऱ्याच्या हातून फ्रेम जातात.

असे दोन-तीनदा सरकून झाले आणि आता बॉल पॉकेटमध्ये जातो पण पिना नुसत्या ढकलल्यासारख्या पडतात, १० क्रमांकाची हलतही नाही, तर बॉलचा दम लवकर संपतो आहे. बॉल बदलायची वेळ ती. तुमच्या आताच्या बॉलइतक्याच आरजीचा, पण पर्ल कवचाचा आणि ३००० च्या वरचा बॉल पिशवीत असू द्या. तो उडालेला भाग घसरत ओलांडेल आणि पुढे वळेल. तो बाहेर काढल्यावर पहिल्यांदा टाकताना तीन बोर्ड उजवीकडे परत या, कारण आता तो पहिल्या बॉलच्या नंतर वळणार आहे.